‘मला अगंतुगं केलं’ : बालसंरक्षणाच्या एका प्रकरणात कार्यकर्तीविरुद्ध आलेली तक्रार

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण पुण्यातल्या, डोंगरउतारावर वसलेल्या एका वस्तीतलं आहे. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुणाचंच नाव दिलेलं नाही. मी त्या वेळी ज्या संस्थेत पर्यवेक्षक होते, तिथल्या कार्यकर्त्या बालकल्याण समितीच्या, म्हणजे संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीच्या, आदेशावरून गृहचौकशी करत. तक्रार आमच्याच एका कार्यकर्तीविरुद्ध होती आणि तिचा अहवाल माझ्या सहीने समितीकडे गेला होता, हे आधीच सांगायला हवं.

आई तिशीची, मराठवाड्यातून आलेली. नवरा तीन वर्षांपूर्वी सोडून गेला. सकाळी सहाला घराबाहेर पडायचं, दोन घरी पोळ्या, दोन घरी धुणीभांडी, दुपारी तीनच्या सुमारास परत. मुलगी नऊ वर्षांची, महापालिकेच्या शाळेत चौथीत. धाकटा मुलगा चार वर्षांचा. साडेबाराला शाळा सुटली की मुलीने अंगणवाडीतून भावाला आणायचं, त्याला जेवू घालायचं आणि आई येईपर्यंत सांभाळायचं. आईचा धाकटा भाऊ चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला, आठ महिन्यांपासून यांच्याकडेच राहायला.

एका दुपारी धाकटा मुलगा खेळता खेळता ओढ्याकडे गेला. शेजारच्या पोरांनी धरून आणला. आईला कळलं तेव्हा तिने हातातल्या उलथन्याने मुलीला मारलं. दंडावर आणि पाठीवर वळ उठले. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंच्या ते लक्षात आलं, मुख्याध्यापिकांनी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि मुलीला समितीसमोर नेण्यात आलं. मूल ताब्यात घेतल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे हजर करायचं, असं बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो. ते नीट पाळलं गेलं. समितीने मुलीला तात्पुरतं बालगृहात ठेवलं आणि घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल आमच्याकडून मागवला. मुलाला इजा नव्हती, तो आईकडेच राहिला.

या प्रकरणात मी दिवस मोजते ते मुलीला समितीपुढे नेल्यापासून.

अडचण कुठून सुरू झाली

अहवालाला कायद्याने १५ दिवस मिळतात. कार्यकर्ती चौथ्या दिवशी दुपारी एकला वस्तीत गेली. घराला कुलूप. तिने शेजारच्या दोघींना विचारलं. नवव्या दिवशी चारच्या सुमारास पुन्हा गेली, तेव्हा आई वाटेतच किराणा दुकानापाशी भेटली. तिथेच, चारचौघांत, सात-आठ मिनिटं बोलणं झालं. आई रडत, ओरडत होती : माझी पोर कुठं ठेवली ते सांगा. कार्यकर्ती म्हणाली, “ओरडू नकोस. मुलीला मारताना कळलं नाही का तुला?”

त्यानंतर आई काहीच बोलली नाही. कार्यकर्तीने विचारलेल्या प्रश्नांना हो-नाही करून घरी गेली.

बाराव्या दिवशी अहवाल गेला. त्यातली एक ओळ अशी : ‘घरात एक परपुरुष राहत असून त्याच्याशी असलेले नाते स्पष्ट होत नाही.’ ही माहिती कुणी दिली, ते लिहिलेलं नव्हतं. ती शेजारणीची होती, आणि त्या शेजारणीशी आईचं नळाच्या पाण्यावरून वर्षभर वाजलेलं होतं, हे आम्हाला पुढे कळलं. मी तो अहवाल वाचला होता. त्या ओळीवर थांबले नाही, सही केली.

चौदाव्या दिवशी समितीने हातात असलेल्या कागदांवरून निर्णय दिला : मुलगी सध्या बालगृहातच, आईला समुपदेशन, आठवड्यातून एकदा भेट.

तक्रार दारापर्यंत कशी आली

एकोणिसाव्या दिवशी आई आमच्या कार्यालयात आली. दारातच तिला सांगितलं गेलं, “आदेश समितीचा आहे, तिकडे जा.” दोन दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी “लेखी अर्ज आणा” असं उत्तर मिळालं. तिला सही येते, अर्ज येत नाही.

चोविसाव्या दिवशी ती तिसऱ्यांदा आली, ती ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या निवृत्त शिक्षिका आजींना सोबत घेऊन. दोघींना आत बोलावलं, पाणी दिलं. बसल्यावर आई म्हणाली, “आधी दोनदा आले तर दारात उभी होते. आज आजी आहेत म्हणून खुर्ची मिळाली.”

तक्रारीवर विचार करताना पुढे आम्ही बरीच कागदपत्रं तपासली, पण या वाक्याने जे दाखवलं ते कुठल्याच कागदात नव्हतं.

लिहून घेताना आणखी एक चूक झाली. आमच्या कार्यालयातल्या सहकाऱ्याने तिचं ऐकून मजकूर केला : ‘सदर कार्यकर्तीने अर्जदाराशी असभ्य वर्तन केले व दिशाभूल करणारा अहवाल सादर केला.’ वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, हे माझं नाही. मग तिच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं. पाच गोष्टी होत्या. मला अगंतुगं केलं, तेही दुकानापुढं. शेजारणींना विचारलं, आता सगळी वस्ती म्हणते हिची पोर सरकारनं नेली. माझ्या सख्ख्या भावाला परका पुरुष लिहिलं. पोर कुठं आहे ते कितीतरी दिवस कुणी सांगितलं नाही. आणि मी पोरीला मारते असं खोटं लिहिलं.

अहवालात काय आहे हे तिला कसं कळलं? समितीपुढे कुणीतरी ‘घरात राहणारा तो माणूस कोण?’ असं विचारलं तेव्हा. तिने भाऊ म्हणून सांगितलं, पण ती म्हणते, तोवर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते उमटून गेलं होतं.

आमच्यापुढे काय काय पर्याय होते

पहिल्या बैठकीतलं वातावरण प्रामाणिकपणे सांगते. “मूल काढून घेतलं की प्रत्येक पालक चिडतोच” हे वाक्य तीन जणांनी म्हटलं, त्यात मीही होते. ते खरंही आहे. पण खरं असूनही त्याचा उपयोग आम्ही तक्रार न वाचण्यासाठी करत होतो.

आईला कायद्याची वाट दाखवून मोकळं होता आलं असतं. समितीच्या आदेशाविरुद्ध बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०१ खाली ३० दिवसांत बालन्यायालयात अपील करता येतं. समितीच्या कामकाजाबद्दल गाऱ्हाणं असेल तर कलम २७ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. राज्य बाल हक्क संरक्षण आयोगही आहे. पण आईची तक्रार आदेश किंवा समितीपेक्षा जास्त आमच्या बाईच्या वागण्याबद्दल होती. आणि वकिलांना जशी बार कौन्सिल आहे, तशी बालसंरक्षणात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांवर दाद मागायची व्यावसायिक परिषद आपल्याकडे नाही. नेमणूक करणारी संस्था किंवा कार्यालय हीच पहिली पायरी, आणि बऱ्याचदा शेवटचीही. आम्ही दार लावलं असतं तर त्या पाचपैकी निदान दोन गोष्टी कुठेच ऐकल्या गेल्या नसत्या.

दुसरा पर्याय सर्वांत सोपा होता : कार्यकर्ती बदला, आईला कळवा, विषय संपवा. त्यात अहवालातली ओळ तशीच राहिली असती.

प्रकरण निकाली निघेपर्यंत चौकशी थांबवावी, असंही एका सहकाऱ्याचं मत होतं. तक्रारीचा दबाव येऊन मुलीला घाईने घरी पाठवलं जाईल अशी त्यांची भीती होती. ही भीती मला आजही रास्त वाटते. वळ खरे होते. वैद्यकीय तपासणीत त्यांची नोंद होती, मुलीने तीन वेगवेगळ्या वेळी तेच सांगितलं होतं.

अखेर ठरलं ते असं : कार्यकर्तीच्या वागण्याची चौकशी दोघांनी करायची, त्यातली एक व्यक्ती संस्थेबाहेरची. मुलीच्या सुरक्षिततेचं काम वेगळ्या हातांत, वेगळ्या गतीने चालू ठेवायचं. आणि चौकशीत अहवालाला धक्का देणारं काही निघालं तर त्याच दिवशी समितीला कळवायचं, चौकशी पूर्ण व्हायची वाट पाहायची नाही. अहवालावर माझी सही असल्याने मी चौकशीत बसले नाही. कागद पुरवणं आणि समितीशी पत्रव्यवहार एवढंच माझ्याकडे राहिलं. तक्रार खरी आहे आणि मुलीला घरात धोकाही आहे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला एकदा मोठ्याने म्हणावं लागलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं.

चौकशी

साक्षी कशा घ्यायच्या हा पहिला पेच. दुकानदाराला विचारलं तर झालेला प्रकार पुन्हा उकरला जाणार आणि वस्तीत नव्याने चर्चा होणार. बाहेरच्या सदस्यांनी ठाम सांगितलं की वस्तीत पाऊल टाकायचं नाही. कार्यकर्तीची भेटडायरी, फोनच्या नोंदी, अहवालाचा मसुदा आणि दोघींशी स्वतंत्र बोलणं, एवढ्यावरच चौकशी केली. ती पुरेशी ठरली, कारण कार्यकर्तीने काही लपवलं नाही.

तिचंही ऐकायला हवं. त्या महिन्यात दुसरी एक सहकारी रजेवर गेल्याने तिच्याकडे दोघींची प्रकरणं होती. आईचा म्हणून नोंदवलेला नंबर भावाचा निघाला आणि तो पाळीवर असताना फोन बंद असे. दुकानापाशी आई अंगावर धावून येईल असं तिला वाटलं होतं. “मी त्यांना तू म्हणाले हे मला आठवतच नव्हतं,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “सोसायटीतल्या बाई असत्या तर म्हणाले नसते.” हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती दुखावलीही होती, आणि ते आमच्यामुळे. तक्रार आल्याचं तिला चार दिवसांनी, चहाच्या वेळी, भलत्याच माणसाकडून कळलं. कोणत्या मुद्द्यांवर उत्तर द्यायचं ते लेखी मिळायला आणखी दोन दिवस लागले. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये नैसर्गिक न्यायाचं तत्त्व नोंदलेलं आहे. ते आईला जितकं मिळायला हवं होतं, तितकंच हिलाही.

चौकशीत निघालं ते असं. एकेरी बोलणं : कार्यकर्तीने मान्य केलं, तक्रार खरी. शेजारी विचारपूस : झाली, आणि ‘तुमच्या शेजारची मुलगी बालगृहात आहे’ हे सांगूनच झाली, तेही खरं. मुलांच्या खासगीपणाचं तत्त्व याच कलम ३ मध्ये आहे. शेजाऱ्यांशी बोलायलाच नको असं नाही, पण काय बोलायचं याला मर्यादा आहे. भावाबद्दलची ओळ : आधार नसलेली. याबाबत चौकशी करणाऱ्या बाईंनी जे मांडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. घरातल्या पुरुषाकडून मुलीला धोका आहे असा संशय असेल तर तो मुलीशी बोलून, माहिती घेऊन तपासायचा. लैंगिक शोषणाची आशंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. यातलं काहीही न करता नुसता संशय अहवालात सोडून द्यायचा, हे आईवर अन्याय करतं आणि मुलीलाही वाचवत नाही.

मुलगी कुठे आहे हे न सांगणं : पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं गेलं होतं, पण त्या गोंधळात आईच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं आणि हातात कागद दिला नव्हता. जाणूनबुजून दडवलं असं दिसलं नाही.

पाचवा मुद्दा, मारल्याचं खोटं लिहिलं : मान्य झाला नाही. दुसऱ्या बैठकीत आई स्वतःच म्हणाली, “मारलं. पण तो ओढ्यात गेला असता तर?”

आणि इथे धागा जुळला. अगंतुगंची तक्रार आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात सर्वांत किरकोळ धरली होती. प्रत्यक्षात त्या एका ‘तुला’नंतर आईचं बोलणं बंद झालं. ती बोलली असती तर भाऊ कोण ते कळलं असतं, ओढ्याचा प्रसंग कळला असता, नऊ वर्षांच्या मुलीवर रोज अडीच तास चार वर्षांच्या मुलाची जबाबदारी होती हे कळलं असतं. अहवालात यातलं काहीच नव्हतं. समितीपुढे ‘मारणारी आई आणि घरातला अनोळखी पुरुष’ एवढंच चित्र गेलं.

काय केलं

चाळिसाव्या दिवशी पुरवणी अहवाल समितीला दिला. भावाबद्दलची ओळ ऐकीव माहितीवर होती आणि ती चुकीची आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहिलं. आधीच्या अहवालाचा आशय आईला सांगून तिला आपली बाजू मांडू द्यावी अशी विनंतीही केली. असे अहवाल गोपनीय असतात, पण कलम ९९ मध्ये समितीला योग्य वाटल्यास त्यातला आशय पालकांना कळवता येतो आणि त्याबाबत पुरावा देण्याची संधीही देता येते. ही तरतूद आम्हाला माहीत होती. तोवर कधी वापरायला सांगितली नव्हती. समितीने पंचेचाळिसाव्या दिवशी आईला बोलावून सविस्तर ऐकलं.

अपिलाबद्दल मात्र आम्ही उशीर केला. आमची चौकशी चालू असताना तिची ३० दिवसांची मुदतही चालूच होती, आणि हे तिला आम्ही तेहेतिसाव्या दिवशी सांगितलं, तेव्हा ११ दिवस उरले होते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकिलांनी आधी समितीकडे सुनावणी मागायचा सल्ला दिला. अपील झालं नाही. पण झालं नाही आणि करता आलं नाही यात फरक आहे, आणि आमच्या दिरंगाईने तो जवळजवळ पुसला होता.

चौकशीचा निष्कर्ष आईला समोर बसवून, एकेक मुद्दा वाचून सांगितला आणि प्रत दिली. कार्यकर्तीने माफी मागितली. आईने मान हलवली, बाकी काही नाही. पाचवा मुद्दा ऐकताना ती उठून जाईल असं वाटलं होतं. गेली नाही.

कार्यकर्तीला लेखी समज दिली गेली. मलाही दिली गेली, मी तसं मागितलं होतं. घराचं काम नव्या कार्यकर्तीकडे गेलं. तिने पहिली भेट रविवारी सकाळी, आधी आजींच्या फोनवर विचारून ठेवली.

जिथे आम्ही सर्वांत जास्त चुकलो

मुलीकडे.

बालगृहात मुलगी याच पहिल्या कार्यकर्तीशी बोलू लागली होती. चित्रं काढायची, भावाची चौकशी करायची, आईने कसं मारलं तेही हिलाच सांगितलं होतं. आईशी वाकडी वागलेली बाई मुलीशी फार मायेने वागत होती. माणूस असा असू शकतो. तक्रार आली आणि आम्ही तिला एकदम प्रकरणातून काढलं. आईच्या दृष्टीने ते बरोबर होतं. मुलीला कुणी काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी मुलीने नव्या कार्यकर्तीला विचारलं, “मी आईचं नाव सांगितलं म्हणून ताईंना काढलं का?”

मुलांना आपल्याविषयीच्या निर्णयांत बोलता यावं हे तत्त्व आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. बालगृहात सूचना पेटीही होती. पण बाहेरून येणारी ताई अचानक येईनाशी झाली तर त्याबद्दल पेटीत काय टाकायचं, हे नऊ वर्षांच्या मुलीने कसं ठरवावं? नंतर आईची परवानगी घेऊन, नव्या कार्यकर्तीच्या उपस्थितीत, दोघींची एक भेट घडवून आणली. जुनी कार्यकर्ती म्हणाली, मी तुझ्या आईशी नीट बोलले नाही, ती माझी चूक होती, तू सांगितलंस ते बरोबर केलंस. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. बदल करायचाच होता, तो निरोपाशिवाय करायची गरज नव्हती.

पुढे काय झालं

शहाण्णवाव्या दिवशी समितीने मुलीला देखरेखीच्या अटीवर घरी पाठवलं. दुपारची सोय आधी लागली : शाळेनंतर दोन्ही मुलं वस्तीतल्या अभ्यासिकेत थांबतात, आईने धुण्याचं एक काम सोडलं. पैशांची तूट भरून निघावी म्हणून बालसंगोपन योजनेचा अर्ज केला. एकल पालकाच्या मुलाला तिच्यात दरमहा २२५० रुपये मिळतात. समुपदेशनाच्या ठरलेल्या सगळ्या भेटींना आई आली. मारणं पूर्ण थांबलं का, याचं उत्तर मी आईकडून घेणार नाही. मुलीला स्वतंत्र भेटणं वर्षभर चालू ठेवलं, आणि तिच्या बोलण्यात पुन्हा तसं आलं नाही.

भावाने मात्र घर सोडलं. “बहिणीला माझ्यामुळं बोल लागला,” म्हणत तो चाकणलाच खोली घेऊन राहिला. घरात मुलांना सांभाळू शकणारा एक मोठा माणूस कमी झाला. हे नुकसान कुठल्याच निष्कर्षात मांडलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

संस्थेत काही बदल झाले. तोंडी तक्रार त्याच दिवशी, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घेतली जाते. अपिलाची मुदत, बालगृहाचा पत्ता आणि भेटीचा वार असलेला साध्या मराठीतला कागद पालकाला पहिल्याच दिवशी दिला जातो. अहवालातल्या प्रत्येक माहितीपुढे ती कुणाकडून मिळाली हे लिहावं लागतं. ते नसेल तर मी सही करत नाही. तक्रार आल्याचं कार्यकर्तीला २४ तासांत लेखी कळवलं जातं. पालकांशी ‘अहो-जाहो’ बोलण्याचा नियम लिहिताना दोन सहकारी म्हणाले, हे काय लिहायचं. लिहिलं.

शेवटच्या पाठपुराव्याच्या भेटीत आईने पहिल्या अहवालातली ती ओळ खोडली का असं विचारलं. दाखल झालेला कागद खोडता येत नाही, पुरवणी अहवाल जोडलेला आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, “मग उद्या कुणी फाईल उघडली तर आधी कुठलं पान वाचंल?” याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही समितीला अर्ज केला की पुरवणी अहवाल मूळ अहवालाच्या वर लावावा आणि मूळ अहवालातल्या त्या ओळीपुढे समासात त्याचा उल्लेख करावा. अर्ज मान्य झाला. मी स्वतः जाऊन ते पान पाहिलं, आणि परत येताना आईला फोन करून सांगितलं. ती कामावर होती. “बरं झालं,” म्हणाली, आणि पोळ्या तव्यावर आहेत म्हणून फोन ठेवला.